रेकॉर्डिंगमधली टकटक जाते आणि परत येते: रॅम घेण्याआधी काय तपासायचं

लक्षण असं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ. मग मध्येच एक ‘टक’. दोन मिनिटांनी ‘टक-टक’. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की फोडणीत मोहरी टाकल्यासारखी तडतड. लॅपटॉप बंद करून दहा मिनिटांनी लावला की सगळं ठीक. चार दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच.

ही टकटक मी अडीच वर्षं सांभाळली. तिच्यापायी रॅम वाढवली, एसएसडी टाकली, नवा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी डबी) घेतला. दर वेळी ती गेली आणि दर वेळी परत आली. शेवटी कळलं की मी एकाच आवाजाला एकच आजार समजत होतो. प्रत्यक्षात ते तीन होते.

आमचं घर नाशिकच्या सिडकोत. खाली दोन खोल्या, वर गच्चीत नंतर बांधलेली पत्र्याची खोली. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. वय ७६, भजनी मंडळात पेटीवर बसतात आणि गातातही. त्यांच्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत, म्हणून एकेक अभंग घरीच रेकॉर्ड करून ठेवावा एवढाच माझा उद्योग. खाली रिक्षा, मिक्सर आणि शेजारचा टीव्ही, म्हणून वरची खोली धरली. सामान साधंच: २०१९ चा लॅपटॉप, आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क, एक यूएसबी माइक आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.

टकटक पहिल्यांदा पकडली नानांनीच. हेडफोन कानाला लावून ऐकत होते, एकदम म्हणाले, “अरे, मध्येच चिपळ्या कोण वाजवतंय?”

“कुणी नाही नाना, लॅपटॉपचा आवाज आहे.”

“मग त्याला सांग, बेतालात वाजवू नको.”

तीन खरेद्या, तीन खोटे उतारे

पहिली खरेदी रॅम. दिवाळीनंतर कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात लॅपटॉप दिला, ८ ची १६ जीबी केली. टकटक गायब. मी ज्याला-त्याला सांगत सुटलो की रेकॉर्डिंगला १६ जीबी हवीच. मार्चअखेरीस ती परत हजर. आता मागे वळून पाहिलं की दिसतं: दुकानातल्या मुलाने लॅपटॉप उघडल्यावर पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवली होती. शिवाय ते दिवस नोव्हेंबर-डिसेंबरचे. तिकडे निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो, त्या थंडीत आमच्या पत्र्याच्या खोलीतही स्वेटर घालून बसावं लागतं. गुण आला तो धूळ उडवल्याचा आणि थंडीचा. नाव झालं रॅमचं.

दुसरी खरेदी एसएसडी. तिच्यासोबत विंडोज नव्याने टाकलं. नव्या विंडोजमध्ये मागे चालणारी फालतू सॉफ्टवेअर नव्हती आणि पहिल्या आठवड्यात घरचं वायफायही त्यावर जोडलेलं नव्हतं. पुन्हा टकटक गेली, पुन्हा मी खूश. वायफाय जोडल्यावर आठवडाभरात ती परतली.

तिसरी खरेदी इंटरफेस. यूएसबी माइक काढला, साधा कंडेन्सर माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस आणला. या वेळी मात्र एका जातीची टकटक खरोखर कायमची गेली. का, ते पुढे सांगतो. उरलेल्या दोन जाती तशाच राहिल्या.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: दुकानात जायच्या आधी एक वही करा. मी नानांच्या भजनाच्या वहीची मागची पानं वापरली. त्यातल्या चार ओळी जशाच्या तशा देतो (बफर म्हणजे काय ते पुढे येतं):

१४ एप्रिल, दुपारी ३. वायफाय चालू. बफर १२८. बाविसाव्या मिनिटाला पहिली टक, मग तडतड.
१५ एप्रिल, सकाळी ६. वायफाय चालू. बफर १२८. ५० मिनिटांत सुट्या दोन टक, तडतड नाही.
१६ एप्रिल, सकाळी ६. वायफाय बंद. ५० मिनिटांत एकही नाही.
१७ एप्रिल, दुपारी ३. वायफाय बंद. पंचविसाव्या मिनिटापासून तडतड.

एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, एवढाच नेम. अडीच वर्षं आणि तीन पावत्यांनी जे कळलं नाही ते या चार ओळींत कळलं. सुटी टक वायफायची होती. तडतड दुपारची होती, म्हणजे उन्हाची.

टक नेमकी कुठे आहे?

त्याच्याही आधी एक तपासणी करा, तिला पैसा लागत नाही. रेकॉर्ड केलेला तुकडा परत लावा आणि टक ऐकू आली त्या जागेची वेळ लिहून ठेवा, समजा ३ मिनिटं १२ सेकंद. आता तोच तुकडा आणखी दोनदा ऐका.

टक दर वेळी त्याच जागी आली, तर ती फाइलमध्ये उतरलेली आहे. म्हणजे रेकॉर्ड होतानाच काहीतरी निसटलं. जागा बदलली किंवा टक आलीच नाही, तर फाइल शुद्ध आहे आणि ऐकवताना संगणकाला दम लागतोय. दुसऱ्या प्रकारात घाबरायचं कारण नाही. बफर वाढवा, नको ते प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) बंद करा, गाणं सुखरूप आहे.

फाइलमध्येच असेल तर त्या जागी तरंगाचं चित्र मोठं करून बघा. इतकं मोठं की एकेक सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या एकेका मोजमापाचा, ठिपका दिसावा. रेषा वळणावळणाने जाता जाता एकदम कड्यावरून उडी मारल्यासारखी तुटली असेल, तर मधले सॅम्पल गळाले आहेत, दोष संगणकाकडचा. लाटांचे माथे विळीने कापल्यासारखे सपाट असतील तर इनपुटचा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) जास्त आहे. नाना वरच्या षड्जाला गेले की आमच्याकडे हेच व्हायचं, आणि त्यावर जगातली कुठलीही रॅम उपयोगाची नाही. गेन इतका ठेवा की सर्वांत मोठा सूरसुद्धा मीटरवरच्या शून्याच्या, म्हणजे कमाल रेषेच्या, दहाएक डेसिबल खाली राहील. २४ बिटमध्ये तेवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही. आणि केबल हलवल्यावर खरखर होत असेल तर केबलच बदला, हे सांगायलाही नको.

बफरचं गणित

ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढे जावं.

संगणक आवाज थेंबाथेंबाने पाठवत नाही, बादली भरून पाठवतो. बादलीचा आकार म्हणजे बफर. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर भरायला २.६७ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३३, ५१२ ला १०.६७, १०२४ ला २१.३३. तेवढ्या वेळात प्रोसेसरने पुढची बादली तयार ठेवलीच पाहिजे. नाही जमलं की एक बादली चुकते, आणि ती चुकलेली बादली म्हणजे आपली टक.

बफर लहान ठेवला की स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये लवकर परत येतो, पण प्रोसेसरची दमछाक होते. मोठा ठेवला की प्रोसेसर निवांत, पण आवाज उशिरा येतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे दहा मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवरून ऐकल्यासारखं. भजनात टाळकरी तेवढ्या अंतरावर असतातच. पण हा झाला एका बाजूचा हिशोब. आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही धरलं, इंटरफेसचा स्वतःचा वेळ मिळवला की आकडा दुपटीच्याही वर जातो, आणि मग गाणारा अडखळतो.

आता जी गोष्ट मला दोन वर्षं कुणी सांगितली नाही ती. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण किंवा खटका असतो. तो चालू केला की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, बफर कितीही असो. नुसता गळा, पेटी, तबला किंवा निवेदन रेकॉर्ड करणाऱ्याला लहान बफर लागतच नाही. खटका दाबा, रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा (नाहीतर आवाज दोनदा येतो, विहिरीत ओरडल्यासारखा), आणि बफर ५१२ किंवा १०२४ करा. माझी निम्मी टकटक या एका खटक्याने थांबली. लॅपटॉप तोच, खर्च शून्य.

लहान बफर खरोखर लागतो तो गिटार सॉफ्टवेअरमधल्या अ‍ॅम्पमधून ऐकत वाजवणाऱ्याला, किंवा मिडी कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधला पियानो वाजवणाऱ्याला. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांच्यासाठी खाली लिहिलं आहे.

पहिला आजार: दोन घड्याळं

यूएसबी माइक होता तेव्हा मी हेडफोन लॅपटॉपच्या पिनेत लावत असे. आवाज आत येतोय माइकच्या घड्याळावर, बाहेर जातोय लॅपटॉपच्या साउंड चिपच्या घड्याळावर. दोन्ही ४८,००० म्हणतात, पण दोन घड्याळं तंतोतंत कधीच जुळत नाहीत. दर दहा लाखांमागे २० चा फरक धरला तरी सेकंदाला जवळपास एक सॅम्पल इकडेतिकडे होतो. दहा मिनिटांत ५७६ सॅम्पल, म्हणजे १२ मिलिसेकंद. हा फरक सॉफ्टवेअरला कुठेतरी गाळून नाहीतर भरून काढावा लागतो, आणि तिथे टक येते. हिची खूण अशी की ती बरीचशी ठरावीक अंतराने येते, लॅपटॉप गार असो की गरम.

उपाय सोपा आहे. माइक आणि हेडफोन एकाच यंत्रावर असू द्या. यूएसबी माइकलाच हेडफोनची पिन असेल तर तीच वापरा, नवा इंटरफेस घ्यायची गरज नाही. माझ्या माइकला ती नव्हती, म्हणून तिसऱ्या खरेदीने गुण आला. सोबत हेही बघा की विंडोजच्या साउंड सेटिंगमधला, रीपरमधला आणि इंटरफेसच्या पॅनेलमधला सॅम्पल रेट एकच आहे. एकीकडे ४४,१०० आणि दुसरीकडे ४८,००० असेल तर आवाजाची पट्टीच सरकते किंवा किरकिर येते. आणि इंटरफेसच्या कंपनीने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजच्या नेहमीच्या वाटेने न जाता थेट इंटरफेसशी बोलणारं सॉफ्टवेअर) दिला असेल तर तोच टाका. एएसआयओफोरऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. नसल्यापेक्षा बरा, पण दुसरा पर्याय असताना कशाला?

दुसरा आजार: मध्येच घुसणारा ड्रायव्हर

‘लेटन्सीमॉन’ नावाचं एक सॉफ्टवेअर घरच्या वापराला फुकट मिळतं. ते चालू करून पंधरा मिनिटं सोडून द्या, पण रेकॉर्डिंगच्या वेळी असते तशीच परिस्थिती ठेवून: चार्जर तसाच, वायफाय तसंच. कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसर किती वेळ अडवून धरला हे ते दाखवतं. ड्रायव्हरच्या पानावर जाऊन सर्वांत मोठ्या वेळेप्रमाणे रांग लावा.

माझ्याकडे वर आली ती नेटवर्कची फाइल, एनडीआयएस. वायफाय कार्ड मधूनमधून आजूबाजूची नेटवर्क चाचपत राहतं. सिडकोत घराला घर चिकटलेलं, पंधरा-वीस नेटवर्क सहज दिसतात. त्या चाचपणीत एखाद्या वेळी ड्रायव्हरने तीन मिलिसेकंद घेतले, आणि तुमची बादली २.६७ मिलिसेकंदांची असली, की टक आलीच. बफर ५१२ असेल तर हाच धक्का पचून जातो. रेकॉर्डिंगच्या वेळी विमान मोड लावायचा, संपलं.

दुसऱ्यांकडे वेगळी नावं निघतील. एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर आला तर त्याची आवृत्ती बदलून बघा. एसीपीआय वर आला तर बहुधा विजेच्या व्यवस्थापनाचा मामला असतो. काही लॅपटॉपमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ‘एसीपीआय कंट्रोल मेथड बॅटरी’ हा घटक तात्पुरता बंद केला की फरक पडतो. मात्र तेवढा वेळ बॅटरीचा टक्का दिसत नाही, आणि काम झाल्यावर तो परत चालू करायचा असतो. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ ठेवा आणि यूएसबीचं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, हबमध्ये नको. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, त्यातून ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) बनवायचं असतं. त्यात आणखी माउस आणि पेनड्राइव्ह वाटेकरी झाले की इंटरफेस उपाशी राहतो.

तिसरा आजार: पत्र्याची खोली

हा मुख्य. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. दुपारी तीन वाजता आमच्या वरच्या खोलीत पत्रा वरून आणि गच्ची खालून तापलेली. पंखा लावता येत नाही कारण माइक ऐकतो. आणि लॅपटॉप कुठे? नाना गादीवर बसतात म्हणून तोही गादीवर. खालची जाळी, जिथून हवा आत यायची, ती कापसात रुतलेली.

‘कोअर टेम्प’ लावून बघितलं. सुरुवातीला ६८ अंश, दहा मिनिटांनी ८५, विसाव्या मिनिटाला ९७. तिथे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडतो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘स्पीड’ लिहिलेलं असतं, त्यावर नजर ठेवा. ३.३ गिगाहर्ट्झवर चाललेला आकडा माझ्या डोळ्यांदेखत १.४ वर आला आणि त्याच क्षणी हेडफोनमध्ये तडतड सुरू झाली. इतकं उघड होतं की स्वतःचंच हसू आलं.

तिथेच एक फसवणूकही असते. सीपीयूचा एकूण वापर जेमतेम ३० टक्के दाखवत होता, म्हणून प्रोसेसरवर माझा कधी संशयच गेला नाही. पण आठ थ्रेडच्या (एका वेळी आठ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो साडेबारा टक्केच दिसतो. एका ट्रॅकवर एकामागे एक लावलेले प्लगइन साधारणपणे एकाच थ्रेडवर चालतात, कारण दुसऱ्याला पहिल्याच्या उत्तराची वाट बघावी लागते. तो एक थ्रेड धापा टाकत असतो आणि बाकीचे सात ओट्यावर बसलेले.

उपाय: लॅपटॉप उघडून पंखा आणि जाळी साफ करून घेतली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली. एका माणसाच्या रविवारच्या नाश्त्यापेक्षा थोडा जास्त खर्च. लॅपटॉपखाली काय ठेवायचं यावर घरात चर्चा झाली. आईने पोळपाट आणून दिला, दोन दिवस तो चालला, मग पोळ्यांच्या वेळी परत गेला. आता दोन विटा आहेत, मधली जागा मोकळी. आणि रेकॉर्डिंग सकाळी सहाला. काकडआरतीच्या सवयीने नाना पाचला उठलेलेच असतात, त्यांचा गळाही तेव्हाच लागतो. अडचण होती ती माझ्या झोपेची.

मग घ्यायचं काय?

वरचं सगळं करून, वहीत आठवडाभराच्या नोंदी करूनही टकटक उरली, तरच पैसे काढा. आणि नोंदी जे सांगतील त्यावरच.

रॅम. तुमचं सगळं काम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर बघा. ८ पैकी सात-साडेसात जीबी भरलेली दिसत असेल, ब्राउझरच्या टॅब बंद करूनही, तर १६ करा. ८ पैकी पाच भरत असतील तर १६ केल्याने फक्त अकरा रिकाम्या राहतील. गळा-पेटी-पखवाज अशा आठ-दहा ट्रॅकना ८ पुरते. वाद्यवृंदाच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरणाऱ्याला मात्र ३२ सुद्धा अपुरी पडेल. लॅपटॉपमध्ये दोन स्लॉट असतील तर एक मोठी पट्टी लावण्यापेक्षा सारख्या दोन लावा, दोन्ही वाटांनी डेटा जातो. आणि घेण्याआधी लॅपटॉप उघडून बघा, कारण बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते.

एसएसडी. ती रेकॉर्डिंगसाठी लागते हा गैरसमज आहे. २४ बिट, ४८,००० च्या एका ट्रॅकला सेकंदाला १४४ किलोबाइट लागतात. चार ट्रॅक म्हणजे ५७६. जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना सेकंदाला कित्येक मेगाबाइट लिहिते. एसएसडीचा फायदा विंडोज उघडण्यात, प्रोजेक्ट लवकर लागण्यात आणि सॅम्पल लायब्ररीत, जिथे हजारो लहान तुकडे इथून-तिथून वाचायचे असतात. तरीही विंडोज अजून फिरत्या डिस्कवर असेल तर सगळ्यात आधी एसएसडीच टाका असं मी म्हणेन. टकटक जाईलच असं नाही, पण अख्खा लॅपटॉप माणसात येतो. शिवाय हार्ड डिस्कची घरघर माइकमध्ये येत नाही, हाही लाभच.

ग्राफिक्स कार्ड. ध्वनीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दुकानदार ‘स्टुडिओ पीसी’ म्हणून ते गळ्यात मारू लागला तर त्याच पैशांत चांगला माइक येतो हे लक्षात ठेवा.

प्रोसेसर. लॅपटॉपमध्ये तो बदलता येत नाही, म्हणजे प्रश्न नव्या यंत्राचाच. गिटार-मिडीवाल्यांनो, तुमची पाळी. कोअरची संख्या बघून भुलू नका, एका कोअरचा वेग बघा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो साधारण १५ वॅटवर चालायला बनवलेला, ‘एच’ असेल तर त्याहून बऱ्याच जास्त वॅटवर. कागदावर दोघांचा कमाल वेग जवळपास सारखा छापलेला असतो, पण अर्धा तास तो टिकवून धरतो ‘एच’. डेस्कटॉप ठेवायला जागा असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप घ्या, त्याला हवा खेळायला जागा असते आणि पुढे सुटे भाग बदलता येतात. अ‍ॅपलचा मॅकबुक एअर २०२० च्या एम-वन चिपपासून बिनपंख्याचा आहे, माइकशेजारी ठेवायला उत्तम, पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही. जी लागेल ती खरेदीच्या दिवशीच घ्यावी लागते. सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचा घेऊ नका. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

नव्या यंत्राचा पंखा ऐकून घ्या. मोठा, १२० किंवा १४० मिलिमीटरचा, सावकाश फिरणारा पंखा लहान वेगवान पंख्यापेक्षा शांत असतो. आणि पंखा माइकपासून जितका लांब तितकं बरं. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत फरक थोडा कमी पडतो, पण पडतो. आमचा लॅपटॉप आता जिन्याच्या दाराशी असतो, मध्ये लांब केबल. ती केबल माइकची असू द्या, यूएसबीची नको. संतुलित एक्सएलआर केबल दहा मीटर जाऊनही कुरकुर करत नाही, यूएसबी २ ला पाच मीटरची मर्यादा आहे.

गुणगुणीचं काय?

टकटकीबरोबर बऱ्याच जणांना घुंऽऽ असा अखंड आवाज येतो. तो वेगळा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५० आणि १०० वर बसतो. लॅपटॉपच्या किंवा इंटरफेसच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर तो कमी झाला तर अर्थिंग तपासा. आमच्या वरच्या खोलीचा बोर्ड नंतर घेतलेला, तिसऱ्या भोकात तारच नव्हती. वायरमनने अर्थ खालून वर आणल्यावर तो थांबला. चार्जरची जाड (अर्थची) पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

या गुणगुणीनेच मला सर्वांत जास्त फिरवलं. चार्जर काढला की घुं जायची, म्हणून मी बॅटरीवर रेकॉर्ड करू लागलो. बॅटरीवर लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग आवळतो, म्हणजे टकटक वाढायची. चार्जर लावला की घुं, काढला की टक. एक महिना मी तो चार्जर लावत आणि काढत बसलो होतो.

आता सगळं आलबेल आहे असं वाटलं तोवर मागच्या आठवड्यात एका अभंगात पुन्हा टक. विमान मोड होता, सकाळ होती, बफर ५१२, तापमान ७१. मी लेटन्सीमॉन लावला, सगळं हिरवं. तुकडा तीनदा ऐकला, टक त्याच जागी. चित्र मोठं केलं तर रेषा कुठे तुटलेली नाही, माथे शाबूत, एक लहानसा खरा ठोका दिसतोय. पुढे ऐकलं तर दर वेळी एकाच सुराच्या आधी. मी वही काढली तसे नाना हसायला लागले.

“त्या वहीत नको लिहूस. पेटी उघड.”

उघडली. पांढरी पाचच्या पट्टीखालची चामडी झिजून निसटली होती, आणि पट्टी दाबली की लाकूड लाकडावर आपटत होतं.